बिनकिल्लीचं कुलूप

नर्सबाईंनी मूठ वळली आणि पाळण्याच्या दोन गजांमधून आरपार घातली. ती मनगटापर्यंत गेली. त्यांनी ती आतल्या आत फिरवून दाखवली आणि बाहेर काढली.

"हे काही बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "अंतर फार आहे. तान्ह्या बाळाचं अंग यातून सरकतं आणि डोकं अडकतं. आयुष्य वॉर्डात काढलंय मी, उगाच नाही बोलत."

टेबलापलीकडे तपासनीस बसले होते. त्यांच्यासमोर एक पितळी कुलूप होतं, म्हणून त्यांना बोलायची बंदी होती. त्या मंडळींचा तो नियमच होता. मंडळी सगळी हौशी: कोणी लाकूडकाम करी, कोणी विणकाम, कोणी मातीची भांडी, आणि एक बेकरीवाला होता, त्याला पुस्तकांच्या बांधणीचा नाद. महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत जमायचं, ज्याने काही केलं असेल त्याने ते मोठ्या टेबलावर मांडायचं, आणि मास्तर त्याच्यापुढे ते कुलूप आणून ठेवायचे. त्याची किल्ली कधीच हरवलेली. वस्तू सगळ्यांच्या हातांतून फिरून येईपर्यंत करणाऱ्याने ब्र काढायचा नाही. "स्वतःच्या वस्तूची वकिली करायला लागला की माणूस बहिरा होतो," असं मास्तर म्हणत. शाळेतल्या पोरांना रंधा मारायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यांना ठाऊक असणारच.

तपासनिसांना खरं तर यात नवल वाटायला नको होतं. दुसऱ्याच्या कामातले दोष काढायचे, याचाच तर त्यांनी हयातभर पगार घेतला. सरकारी लिफ्ट तपासनीस. हातात बॅटरी घेऊन लिफ्टच्या टपावर चढायचं, दोराचा एखादा तंतू जरी तुटलेला दिसला तरी लिफ्ट बंद. इमारतीचे मालक हात जोडायचे, चहा मागवायचे, पण हे ढिम्म. "दोष आहे तो आहे," एवढं बोलून खाली उतरायचे. नोकरी सुटली, पण ही खोड सुटली नाही. मंडळींत येऊन जेमतेम चार-सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी बेकरीवाल्याच्या पुस्तकाची पाठ वाकडी ठरवली होती आणि याच नर्सबाईंच्या स्वेटरची डावी बाही लांब आहे हे फूटपट्टी लावून सिद्ध केलं होतं. त्यांची स्वतःची वस्तू मात्र टेबलावर पहिल्यांदाच आली होती.

"मूठ जाते म्हणजे..." नर्सबाई पुढे बोलणार तोच तपासनिसांनी कुलूप हाताने बाजूला सारलं.

"बाई, सुया टोचायचं काम तुमचं ना? मग तेच करा. लाकडातलं काय कळतं हो तुम्हाला?"

बेकरीवाला खिडकीबाहेर बघायला लागला.

"लाकडातलं नाही कळत," नर्सबाई म्हणाल्या. "बाळातलं कळतं."

"तपासनीस, कुलूप जागेवर ठेवा," मास्तर हळूच म्हणाले.

तपासनिसांनी कुलूप ठेवलं नाही. पाळणा उचलला, दारात एकदा आपटला, आणि कोणाची मदत न घेता तो जिन्यावरून खाली नेला.

टॅक्सीच्या टपावर दोऱ्या आवळता आवळता टॅक्सीवाला म्हणाला, "काय झकास पाळणा आहे, साहेब! कुठून घेतलात?"

"मी केलाय."

"काय सांगता!"

याला म्हणतात माणूस, तपासनिसांच्या मनात आलं. रस्त्यावरच्या माणसाला जे कळतं ते या शहाण्यांना कळत नाही. पण पुढच्या चौकापर्यंतच हा आनंद टिकला. मग ती मूठ पुन्हा डोळ्यांपुढे आली. आत गेली, फिरली, बाहेर आली.

घरी येऊन त्यांनी पाळणा खोलीच्या मधोमध ठेवला आणि त्याच्याभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली. बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. चहा करून टेबलावर ठेवला तर टेबल डुगडुगलं आणि अर्धा चहा बशीत. पुसायला फडकं काढावं म्हणून ड्रॉवर ओढला तर तो बोटभर येऊन आडमुठ्या बैलासारखा थांबला. मागे कपाटाचं दार आपोआप उघडून आ वासून राहिलं होतं. तपासनिसांनी ते ढकलून लावलं. ते पुन्हा उघडलं.

त्या घरातली एकूण एक लाकडी वस्तू त्यांच्या हातची. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून, हौसेने केलेली. आणि बायको होती तोवर एकाही वस्तूने कधी कुरकुर केली नव्हती. ड्रॉवर कसे लोण्यासारखे सरकायचे. कपाटाच्या दाराला बोट लावलं की ते मिटायचं. "घरात सुतार येऊ दिला नाही कधी," असं ते चारचौघांत सांगायचे आणि बायको मान डोलवायची. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षात साऱ्या लाकडाने जणू संप पुकारला होता. तपासनिसांनी आधी हवेला दोष दिला, मग लाकूडवाल्याला, मग फरशी पुसणाऱ्या बाईला. "बदाबदा पाणी ओतता म्हणून फुगतं लाकूड," असं तिला सुनावलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तेवढंच पाणी घेते, काका." आता रंधा हातात घेऊन एकेक दुरुस्त करायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण दुरुस्त करायचं म्हणजे आधी बिघाड आहे हे कबूल करायचं, आणि तिथेच तर घोडं अडलं होतं.

चारच्या सुमारास लेक आली. तिला आठवा लागला होता. जिना चढून आली की ती आधी दारातल्या खुर्चीत बसून दम खायची आणि मग बोलायची. आज तिने पाळणा मधोमध पाहिला आणि दम खायचा राहूनच गेला.

"परत आणलात? काय म्हणाले सगळे?"

"म्हणतात काय! एका नर्सबाईने अक्कल पाजळली. म्हणे गजांत अंतर जास्त आहे. तूच सांग, आहे का जास्त?"

लेकीने पाळण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "छान आहे की, बाबा."

"मग नेत का नाहीस?"

"नेणार ना. घरात रंगकाम चाललंय. वास असतो."

हे रंगकाम दोन महिने चाललं होतं. एवढ्यात राजवाडासुद्धा रंगवून झाला असता. तपासनिसांनी पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

लेकीच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता. तो कापायला कात्री हवी म्हणून ती ड्रॉवरपाशी गेली. तिचं बोलणं चालूच होतं: डॉक्टर काय म्हणाले, जावयाला रजा कधी मिळणार, शेजारीण किती भोचक आहे. बोलता बोलता तिने ड्रॉवर ओढला, तो बोटभर येऊन अडला. तिने दुसरा हात कपाटामागे घातला, तिथून काहीतरी काढलं, ड्रॉवर जरा उचलून डावीकडे दोनदा, उजवीकडे दोनदा घासलं, आणि ते परत मागे ठेवलं. ड्रॉवर सुळकन बाहेर आला. तिने कात्री घेतली. केस मागे सारावेत इतक्या सहज तिने हे केलं.

तपासनीस उभे राहिले.

"काय केलंस ते?"

"कुठे काय?" आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. "काही नाही, बाबा."

त्यांनी कपाटामागे हात घातला. तिथे एक अरुंद पट्टी होती, त्यांनीच ठोकलेली, आणि पट्टीवर जुन्या रुमालात गुंडाळलेलं मेणबत्तीचं थोटूक. एका बाजूला ते अंगठ्याच्या आकाराचं झिजलं होतं. तपासनिसांनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. तो मावला नाही.

"कोणाचं हे?"

"आईचं."

"वीज गेली तर असावी म्हणून ठेवली असेल."

"नाही, बाबा." लेक खुर्चीवर बसली. "मेण घासलं की ड्रॉवर सरकतो. आई घासायची. तुम्ही ऑफिसला गेलात की. मला लहानपणीच शिकवलं होतं तिने. आणि सांगितलं होतं, बाबांना कळू द्यायचं नाही."

"का?"

"ते स्टूल आठवतंय ना?"

न आठवून सांगतात कोणाला! नवं लग्न, आणि तपासनिसांनी जन्मातलं पहिलं स्टूल केलं होतं. बायको त्यावर बसली, ते पुढे-मागे झुललं, आणि ती पोरगी खळखळून हसली. "अहो, हे स्टूल आहे की घोडा?" एवढंच म्हणाली. तपासनिसांनी कुऱ्हाड आणली, स्टुलाच्या ढलप्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी त्यावर तापलं. हत्यारं पोत्यात भरून माळ्यावर गेली. मग जवळजवळ वर्षभर हा गृहस्थ ऑफिसातून आला की घरभर येरझारा घालायचा: भाजीत मीठ कमी का, पडदा तिरका का, दिवा का जळतोय. शेवटी एके दिवशी तिनेच ते पोतं माळ्यावरून खाली काढलं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. काही बोलली नाही. त्यानंतर त्यांनी जे जे केलं त्या प्रत्येकावर तिचा एकच अभिप्राय: छान झालंय.

"आई म्हणायची," लेक खाली बघत म्हणाली, "सांगितलं तर ते करायचंच सोडतील. आणि सोडलं की त्यांच्या जिवाला चैन पडायची नाही."

"हसायचात तुम्ही दोघी?"

"मी हसायचे सुरुवातीला. आई नाही हसली कधी."

तपासनिसांनी एक फेरी घातली. मग टेबलापाशी थांबले. "याचंही काहीतरी होतं?"

"हो. एक पाय आखूड आहे त्याचा."

"कपाट?"

"दाराच्या कडेला पट्टी चिकटवली होती तिने. घोंगडीची. गळून पडली असेल."

"म्हणजे घरातलं सगळंच?"

लेक घाईघाईने म्हणाली, "नाही नाही. ती भिंतीवरची फळी खरंच सरळ आहे."

दुसरा एखादा हसला असता. तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबंध आयुष्य बॅटरी घेऊन दुसऱ्यांच्या लिफ्टा तपासल्या, आणि स्वतःच्या घरात डोळ्यांदेखत एवढं चाललं होतं. राग कोणाचा करायचा? जिचा करायचा ती कुठे होती? त्यांनी खुंटीवरची जुनी बॅटरी काढली, गुडघे टेकले आणि टेबलाखाली शिरले. आखूड पाय सापडला. त्याच्या तळाला बारीक खिळ्याचं भोक होतं, पण खाली काही नव्हतं.

"आई गेली त्या दिवशी माणसं बसावीत म्हणून टेबल ओढून भिंतीला लावलं होतं," लेक वरून म्हणाली. "तेव्हाच आईने पायाखाली लावलेलं निघून पडलं असेल."

तपासनीस तसेच रांगत कपाटापर्यंत गेले. बॅटरीचा झोत कपाटाखाली टाकला. धूळ, एक बटण, घोंगडीची पट्टी, आणि अगदी भिंतीशी काहीतरी चौकोनी. त्यांनी फूटपट्टीने ते ओढून घेतलं.

ती एक छोटीशी गादी होती. काड्यापेटीहून लहान. आत पुठ्ठ्याचे थर असावेत, वरून कापड. कापडाचा रंग टेबलाच्या लाकडाचा. नुसता तपकिरी नव्हे, त्याच टेबलाचा, पॉलिश जुनं होऊन जरा लालसर झालेला. चारी कोपरे आत मुडपलेले, आणि टाके इतके बारीक की बॅटरी जवळ धरल्याशिवाय दिसेनात. तपासनिसांनी ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. कडेवरून नख फिरवलं. टेबलाचं पॉलिश त्यांनी दोनदा बदललं होतं. म्हणजे हिने कापडही दर वेळी नवीन रंगाचं शोधलं असणार. तिला त्यांनी कधी सुईदोऱ्याला हात लावताना पाहिलं होतं का? पाहिलं असेल. लक्ष दिलं नव्हतं.

त्यांना एकदम तिची इतकी आठवण आली की जमिनीवरून उठवेना.

"बाबा?"

"मूठ घाल," ते म्हणाले.

"काय?"

"पाळण्यात. गजांमधून मूठ घाल तुझी."

लेक हलली नाही. मग उठली, वाकता येईल तेवढी वाकली, आणि मूठ घातली. ती आरपार गेली. मूठ तशीच आत ठेवून ती रडायला लागली.

"मी दुसरा आणलाय, बाबा. दुकानातला. आतल्या खोलीत झाकून ठेवलाय. तुम्ही याल तेव्हा हा बाहेर मांडायचा, आणि तुम्ही गेलात की बाळाला त्यात..." तिने डोळे पुसले. "मला खोटं बोलायचं नव्हतं हो. पण तुम्हाला सांगायचं कसं? सगळ्या घराने कधी सांगितलं नाही, मी कुठून सुरुवात करू?"

तपासनीस उठले आणि गॅलरीत गेले. हत्यारांचा खडखडाट ऐकू आला. लेकीला त्या हत्यारांतली कुऱ्हाड माहीत होती. ती भलं मोठं पोट सावरत पाळण्याच्या आडवी उभी राहिली.

"बाबा, तोडू नका. मी नेते. खरंच नेते."

तपासनीस मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन दारात उभे होते.

"तोडतंय कोण? हे टोक धर." त्यांनी मोजपट्टी तिच्या हातात दिली. "दर दोन गजांमध्ये आणखी एक बसेल. आणि आता आणखी काय काय आहे ते सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. मग माझं डोकं फिरेल." त्यांनी पेन्सिल दातांत आडवी धरली, तोंड बंद राहावं म्हणून.

लेकीने मोजपट्टीचं टोक धरलं. "झोका दिला की एकीकडे ओढतो."

तपासनिसांनी मान हलवली.

"वरची कड टोचते. बाळाला उचलताना हाताला लागेल."

दातांखाली पेन्सिल कटकन वाजली. लेक थांबली. त्यांनी हाताने खूण केली: पुढे.

"आणि तळ खोल आहे, बाबा. इतकं वाकून उचलायचं म्हणजे माझी कंबर जाईल."

एवढं सगळं सांगून झालं तेव्हा पेन्सिलीवर दातांचे खड्डे पडले होते आणि लेकीच्या जिवावरचं कसलंसं ओझं उतरलेलं दिसत होतं. जाताना ती दारात थांबली. "तुम्हाला राग आलाय ना?"

"आलाय," तपासनीस म्हणाले. "येऊ दे. तू सांगत जा."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळणा पुन्हा शाळेच्या त्या टेबलावर आला. खोलीत शिरताच तपासनीस सरळ नर्सबाईंकडे गेले.

"मागच्या वेळी तोंड सुटलं माझं. चुकलं."

"जाऊ द्या हो," नर्सबाई म्हणाल्या. "स्वेटरची बाही उसवली तेव्हा मीही घरी बसून तुमचा उद्धार केला होता. मोजली तर मेली खरंच लांब निघाली."

मास्तरांनी कुलूप ठेवलं. पाळण्याला हात लागले. नर्सबाईंनी मूठ वळली, गजांना लावली. बोटांची पेरंच अडली. त्यांनी खालून, वरून, कोपऱ्यातून घालून पाहिली. कुठेच जाईना. "आता झोपवा खुशाल," त्या म्हणाल्या. बेकरीवाल्याने मात्र मागच्या बाजूला पॉलिशचा ओघळ दाखवला आणि त्यावर पाच मिनिटं भाषण केलं. जुने हिशेब होते त्याचे. तपासनीस दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.

पाळणा झाला. मास्तर कुलूप उचलायला वाकले, तर तपासनिसांनी ते धरून ठेवलं. दुसऱ्या हाताने खिशातून ती गादी काढली आणि टेबलावर, उजेडात ठेवली.

"आणखी एक? बरं," मास्तर म्हणाले.

गादी हातोहात फिरली. विणकामवाल्या आजींना ती टाचण्या टोचायची उशी वाटली. "छे, वजन पेललंय हिने," मास्तर म्हणाले. "हा पायाचा चौकोन उमटलाय बघा. टेबलाखालची आहे. पण रंग काय जुळवलाय! जवळ जाऊन वाकलं तरी दिसायची नाही." बेकरीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, गादी नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ फिरवत राहिला. "टाका सुरू कुठे होतो तेच सापडत नाही," तो चिडून म्हणाला. "गाठ कुठे मारलीय?"

शेवटी ती नर्सबाईंकडे आली. त्यांनी जखमांना घालतात ते टाके आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी कड दाबली, कोपरा ओढला, दुमडून पाहिली. मग टेबलावर जपून ठेवली.

"मला कशातही काहीतरी सापडतं," त्या म्हणाल्या. "घरचे वैतागतात. पण याला नाव ठेवायला जागा नाही."

मास्तरांनी कुलूप उचलून बाजूला ठेवलं.

"झालं. बोला आता, तपासनीस. काम कोणाचं आहे?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तपासनिसांनी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी हात लांब केला आणि कुलूप पुन्हा आपल्यापुढे ओढून घेतलं.